येन स्वस्त झालाय म्हणतात, मग जपानच्या सहलीसाठी आत्ताच पैसे बदलून ठेवावेत का?

सगळे आत्ताच बदलू नका. आणि रोज सकाळी उठून गूगलवर दर बघायची सवय तर अजिबात लावून घेऊ नका. आता सविस्तर सांगते.

तुम्हाला पुढच्या एप्रिलमध्ये आई-वडिलांना घेऊन जपानला जायचंय, येन पडलाय असं सगळीकडे वाचताय, आणि आत्ता येन घेऊन ठेवले तर खर्चात नक्की किती फरक पडेल असा तुमचा प्रश्न आहे. मी दोनदा जाऊन आलेय. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघंच, आणि २०२४ च्या जूनअखेरीस माझ्या आई-बाबांना घेऊन. पोटापाण्यासाठी चाकणजवळच्या एका निर्यात करणाऱ्या कारखान्यात अकाउंट्स बघते. त्यामुळे ऑफिसात डॉलर वर गेला की मी खूश, आणि घरी सहलीचं ठरत असलं की तोच डॉलर खाली यावा म्हणून माझे देव पाण्यात.

कोणी "येन स्वस्त आहे" म्हणालं तर आधी विचारा, कोणासाठी? बातम्यांमध्ये येनचा भाव डॉलरमध्ये मोजतात. आपल्या खिशात रुपये असतात. रुपया-येनचा दर निघतो तो डॉलरवरून: एका डॉलरला किती रुपये, त्याला एका डॉलरला किती येन यानं भागायचं. नोव्हेंबर २०२४ च्या मध्यावर डॉलरला साधारण १५५ येन होते आणि डिसेंबर २०२५ मध्येही जवळपास तेवढेच. अमेरिकन माणसासाठी काहीच बदललं नाही. पण त्या वर्षभरात डॉलर ८४ रुपयांवरून ९० च्या वर गेला, त्यामुळे आपल्याला १०० येन ५४-५५ रुपयांऐवजी ५८ रुपयांना पडायला लागले. येन जागेवरच होता, घसरला तो रुपया. म्हणून बघायचंच तर रुपया-येन बघा, बातमीतला डॉलर-येन नको.

आता माझ्या दोन सहलींचा हिशेब. २०१९ मध्ये १०० येन मला ६६ रुपयांच्या आसपास पडत होते, २०२४ च्या जूनअखेरीस साडेबावन्न. म्हणजे येन आपल्यासाठी वीस टक्के स्वस्त. त्या वेळी डॉलरला १६० च्या वर येन गेले होते, येन १९८६ नंतरच्या सगळ्यात खालच्या पातळीवर होता. मी मनातल्या मनात मांडे खाल्ले होते.

प्रत्यक्षात काय झालं बघा. साधा रामेनचा, म्हणजे सूपातल्या नूडल्सचा, वाडगा २०१९ मध्ये ८५० येनला खाल्ला होता, म्हणजे ५६० रुपये. २०२४ मध्ये तसाच वाडगा हजार येन, म्हणजे ५२५. वीस टक्क्यांची स्वस्ताई सहा टक्क्यांवर आली. परदेशी पर्यटकांचा सात दिवसांचा रेल्वे पास, जेआर पास, २०१९ मध्ये २९,६५० येनचा होता, साडेएकोणीस हजार रुपये. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी तो एकदम ५०,००० येन केला. साडेबावन्नच्या दरानंही सव्वीस हजारांच्या वर! येन पडूनही पास महागला. आणि तोक्यो-क्योतो बुलेट ट्रेनचं सुटं तिकीट मात्र दोन्ही वेळा १४ हजार येनच्या आसपासच होतं. ते खरोखर स्वस्त झालं, सव्वानऊ हजारांवरून साडेसात हजारांच्या आत. बाबांनी यूट्यूब बघून पास घ्यायचाच असं ठरवून टाकलं होतं. मी सुटी तिकिटं काढली आणि माणशी वीस हजार येन वाचवले. बाबा अजून मान्य करत नाहीत.

यातली गोम अशी की जपानी माणूस स्वतःच्या पगारातून ज्या गोष्टी घेतो, म्हणजे लोकल, मेट्रो, कोनबिनीतला (नाक्यावरच्या छोट्या दुकानातला) ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा, सुपरमार्केटमधला डबा, त्यांचे भाव येन पडला म्हणून लगेच वाढत नाहीत, कारण त्याचा पगारही वाढलेला नसतो. पण जिथे गिऱ्हाईक बाहेरून येतं तिथले भाव दराच्या मागोमाग चढतात. २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पर्यटक जपानला गेले, तोपर्यंतचा उच्चांक. खोल्या तेवढ्याच आणि माणसं जास्त, मग हॉटेलवाला कशाला थांबेल? आम्ही २०१९ मध्ये ९ हजार येनला राहिलो तशाच खुराड्याएवढ्या खोलीला २०२४ मध्ये १५-१६ हजार मोजले. तुम्ही तर एप्रिलमध्ये, चेरीच्या बहरात जाताय. तेव्हा हॉटेलच्या बाबतीत येन स्वस्त की महाग हा विचार सोडून द्या, किती आधी बुक केलं एवढंच बघा.

दुसरं म्हणजे, सहलीचा सगळा खर्च काही येनमध्ये होत नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा हे आपण इथेच रुपयांत भरतो. आमचा माणशी १ लाख ३६ हजार खर्च झाला, त्यातले ६४ हजार निघायच्या आधीच गेलेले होते. येन दहा टक्के हलला असता तरी एकूण खर्चात पाच टक्क्यांचाच फरक पडला असता, माणशी सात हजार. कमी नाहीत, पण त्यासाठी सहा महिने झोप घालवावी एवढेही नाहीत.

त्याहून जास्त पैसे लोक कुठे घालवतात ते सांगते. मी पैसे बदलायला गेले तिथे काउंटरच्या मागे मोठ्ठा बोर्ड होता, "झिरो कमिशन". गूगलवर १०० येनला साडेबावन्न, काउंटरवर ५५.८०. कमिशन खरंच शून्य, कारण ते दरातच पोटात घातलेलं. मला १ लाख येन रोख हवे होते. म्हणजे तिथल्या तिथे ३,३०० रुपये जास्त. मी बाहेर येऊन आणखी दोन ठिकाणी फोन केले, एकानं ५४.१० सांगितला. तिकडे घेतले आणि १,७०० वाचले, पाच मिनिटांच्या बोलण्यात. (वर जीएसटी लागतो, पण तो या रकमेवर शंभर रुपयांच्या आतच असतो. आणि पन्नास हजारांच्या वर असेल तर रोख घेत नाहीत, खात्यातून द्यावे लागतात.) परत येऊन उरलेले १४ हजार येन विकायला गेले तेव्हा त्याच माणसाचा खरेदीचा दर ४८.५०. जाताना एक दर, येताना दुसरा, मधे आपण. म्हणून जास्तीच्या नोटा "असू द्यात" म्हणून नेऊ नका.

कार्डाचं गणित वेगळं. त्याचा मूळ दर गूगलच्या अगदी जवळ असतो, पण वर मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, लागतो, पुष्कळ क्रेडिट कार्डांवर साडेतीन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. एक लाखाच्या खरेदीवर ४,१३० रुपये. दोन टक्के किंवा शून्य मार्कअपची कार्डंही मिळतात. एप्रिलला अजून वेळ आहे, तेवढ्यात एक काढून घ्या. येनचा दर बघत बसण्यापेक्षा हे एक काम जास्त पैसे वाचवेल.

आणि तिथे कार्डानं पैसे देताना मशीन विचारतं, रुपयांत भरायचे की येनमध्ये? कायम येन. क्योतोच्या हॉटेलात दोन खोल्या, तीन रात्री, ९६ हजार येन. मी बॅगा ओढत होते तेवढ्यात नवऱ्यानं स्क्रीनवर ओळखीचं रुपयाचं चिन्ह बघून बटण दाबलं. पन्नास हजार चारशेच्या ठिकाणी त्रेपन्न हजार चारशे. शिवाय परदेशात रुपयांत व्यवहार केला म्हणून आमच्या बँकेनं वेगळा एक टक्का लावला तो लावलाच. तीन हजारांत आम्ही चौघं क्योतोत रात्रीचं व्यवस्थित जेवलो असतो, हे मी त्याला परतीच्या विमानापर्यंत ऐकवलं.

मग थांबावं की घ्यावं? आम्ही ५ जुलै २०२४ ला परतलो. माझी एक सहकारी ऑगस्टमध्ये जाणार होती. मी तिला ५२ म्हटल्यावर ती म्हणाली, "थांबते, पन्नासच्या खाली येईल." ३१ जुलैला बँक ऑफ जपाननं, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेनं, व्याजदर वाढवला, आणि जुलैच्या सुरुवातीला १६१ ला टेकलेला डॉलर ५ ऑगस्टला १४२ येनवर आला. रुपयांत १०० येन ५२ वरून ५९. महिन्याभरात! याच्या उलटही होऊ शकलं असतं आणि मग ती शहाणी ठरली असती. आमच्या कारखान्यातही दराचा अंदाज कोणी करत नाही. जे पैसे यायचे-जायचे आहेत त्यातला काही हिस्सा आजच्या दरानं बांधून टाकतात आणि उरलेला सोडून देतात.

तुम्हीही तेच करा. हॉटेलपैकी निम्मी आत्ता येनमध्ये पैसे भरून बुक करा, तेवढा दर आपोआप बांधला गेला. उरलेली रद्द करता येतील अशी ठेवा. आई-वडील बरोबर असताना दोन-चार टक्क्यांपेक्षा ते महत्त्वाचं. फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून न्यायचं कार्ड) घेणार असाल तर त्यात येनच भरा, डॉलर नाही, नाहीतर तिकडे पुन्हा डॉलरचे येन करायचा आकार बसतो. एकदम न भरता दोन-तीन हप्त्यांत भरा. रोख मात्र नीट न्या, माणशी २५ हजार येन आम्हाला पुरले. रामेनच्या दुकानातलं कुपनाचं मशीन, बस, देवळं, प्रवासाचं सुइका कार्ड रिचार्ज करणं, इथे अजून नोटा लागतात. खरेदी करणार असाल तर हेही लक्षात ठेवा की १ नोव्हेंबर २०२६ पासून पर्यटकांना १० टक्के उपभोग कर आधी भरून विमानतळावर परत घ्यावा लागणार आहे. पासपोर्ट आणि पावत्या सांभाळा.

एक गोष्ट कुठल्याच हिशेबात येत नाही, ती म्हणजे आपले आई-वडील. आईनं तोक्योच्या सुपरमार्केटात एक सफरचंद उचललं, ३९८ येन. "म्हणजे आपले किती?" मी म्हटलं, दोनशेच्या वर. तिनं ते असं खाली ठेवलं जणू हातातून निखारा सुटला, आणि पुढचे आठ दिवस फळांकडे बघितलंही नाही. त्याच आईनं देवमाशाच्या निळ्या छापाचा एक रुमाल १,५०० येनला निमूट घेतला, कारण तोवर ती थकली होती आणि हिशेब करणं सोडलं होतं. बाबांचं उलट. त्यांच्या लेखी नाणं म्हणजे चिल्लर. क्योतोतल्या फुशिमी इनारीच्या देवळात दानपेटीसमोर त्यांनी खिशातून एक नाणं काढून टाकलं आणि छान हात जोडले. तिथे पाच येनचं भोकाचं नाणं शुभ मानतात. बाबांनी टाकलं होतं ते ५०० येनचं, दोनशे साठ रुपये. सांगितल्यावर म्हणाले, "बरं झालं, देवाला कमी पडायला नको," पण त्या संध्याकाळपासून नाण्यांचं पाकीट माझ्याकडे आलं.

ती नाणी तिकडेच संपवा, इथे कोणी मनी चेंजर घेत नाही. विमानतळावरच्या कोनबिनीत आधी सगळी नाणी द्यायची आणि वरचे पैसे कार्डानं, असं चालतं. आमची तरी उरलीच. आईच्या देवघरातल्या वाटीत सुपारीशेजारी अजून सात-आठ पडून आहेत.