जांबोटीचे दोन कस्तुर: पिसं पाठवायच्या आधी वाचा

पावसाळ्यात पांढऱ्या गालावर दोन काळसर उभे पट्टे असलेला कस्तुर पक्षी आणि डिसेंबरात बिनपट्ट्याच्या नारिंगी डोक्याचा, दोन्ही बेळगावकडच्या जांबोटीच्याच रानात. "या दोन जाती असणार, पिसं जमवलीत, डीएनए कुठे तपासून मिळेल?" हे तुमचं वाचलं आणि मला माझीच जुनी वही उघडल्यासारखं झालं.

सध्याच्या याद्यांत दोन्ही एकच जात. पट्टेवाला आपल्या द्वीपकल्पातला, दुसरा हिमालयातून हिवाळ्यापुरता उतरणारा. म्हणजे या उपजाती: एकाच जातीतले, निरनिराळ्या भागांत राहणारे, दिसायला थोडे वेगळे गट.

माझी चूक सांगतो. ऐन जुलैत दोन निरनिराळ्या जागांवरची पिसं उचलली, एकाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली, वर लिहिलं फक्त 'जांबोटी'. ना तारीख, ना कुठलं पीस कुठल्या पक्ष्याचं. आठवड्यात बुरशी. ओळखीचा एक संशोधक हसलाच. म्हणाला, यातून निघालाच तर मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा) डीएनए तुकडा निघेल, आणि तो फक्त आईकडून येतो. त्यावरून फक्त आईकडचीच वंशावळ कळणार. मी मात्र 'डीएनएत दोन टक्के फरक म्हणजे नवी जात' असलं कुठेतरी वाचून हवेत होतो.

वर परवानगी नव्हतीच. 1972च्या वन्यजीव कायद्यात पडलेली पिसंसुद्धा येतात हे मला नंतर कळलं (मी वकील नाही, नीट विचारून घ्या). मग एका कार्यालयात खेटे. मराठीत अर्ज दिला, कन्नडमध्ये आणा म्हणाले. कन्नडमध्ये नेला, तर इंग्रजीत हवा. तिसऱ्यांदा गेलो तर साहेब मीटिंगला. चौथ्यांदा फाइलच सापडेना! नाव घेत नाही, अजून तिकडं कामं पडतात की हो.

आता जीनोमचं, म्हणजे पक्ष्याच्या सगळ्या डीएनएचं. रंगावर फार भरवसा ठेवू नका. अमेरिकेतले सोनेरी पंखाचा आणि निळ्या पंखाचा असे दोन वटवटे दिसायला अगदी निराळे, पण 2016च्या अभ्यासात त्यांच्या अख्ख्या जीनोममध्ये ठळक फरक सापडला तो जेमतेम सहा ठिकाणी. रेडपोल नावाच्या चिमण्यांसारख्या पक्ष्यांच्या तीन जाती धरत होते. रंगाचोचीचा फरक मुख्यतः एका गुणसूत्रावरच्या उलट्या बसलेल्या तुकड्याचा निघाला आणि 2024मध्ये तिन्ही एक झाल्या. उलट दक्षिणेच्या डोंगरमाथ्यांवरच्या शोला रानातले पक्षी बघा. दिसायला बरेचसे सारखे, पण पालघाटसारख्या खिंडींनी त्यांना फार काळ तोडलेलं, आणि 2017मध्ये त्यांच्यासाठी शोलिकोला ही नवी प्रजातीच (जातींच्या वरचा गट, इंग्रजीत जीनस) मांडली गेली. तिथंही नुसता डीएनए नव्हता. मापं, रंग, गाणं, सगळं जुळवलं होतं.

माझं मत, पटलं तर घ्या: जीनोम फक्त सांगतो की दोन कुळं कधी तुटली आणि रक्त अजून मिसळतंय का. 'जात' हा शिक्का माणसंच मारतात. आपले दोन कस्तुर विणीच्या काळात एकमेकांना भेटतच नाहीत, त्यामुळं हा वाद पिशवीभर पिसांनी मिटणार नाही.

करायचंच असेल तर गाणं रेकॉर्ड करा, तारीख-जागेसकट. पावसाच्या तोंडाला पट्टेवाला पहाटे मस्त गातो. कणकुंबीकडं जाणार असाल तर मोज्यांना निपाणीची तंबाखू चोळा, नाहीतर जळवा रेकॉर्डिंग पुरं होऊ देत नाहीत.