खुराड्याबाहेर गेलेल्या कोंबड्या
बाहेर गेलेल्या कोंबड्या परत खुराड्यात कशा आणाव्यात, असे आपण विचारले आहे. आपण पहिल्याच आठवड्यात कोंबड्यांमागे धावून दमलात, यात नवल नाही. सुरुवातीला सगळेच धावतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा ४० अंशांपुढे असताना, पाठलाग मुळीच करू नये, कारण कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि दगावूही शकते. दिवस मावळेपर्यंत थांबावे. अंधारात तिला फारसे दिसत नसल्याने ती बहुधा आपणहून खुराड्याकडे वळते. रोज त्याच वेळी डब्यात मूठभर ज्वारी खुळखुळवून आत टाकावी. (माझा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, डबा पार चेपला आहे, पण नव्या डब्याला कोंबड्या दाद देत नाहीत.) धरावीच लागली, तर पाय न ओढता दोन्ही पंख अंगाशी दाबून उचलावी. नवी कोंबडी मात्र आधी आठवडाभर आतच कोंडावी.