ओरिजिनल देऊ नकोस

अगं,

तुझा व्हॉइस मेसेज रात्री ऐकला, सकाळी चहा टाकताना परत ऐकला. एका दमात किती बोललीस गं, त्या हॉस्पिटलची आयसीयूची ऑफर, दोन वर्षांचा बाँड, मार्कशीट आणि रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट ओरिजिनल जमा करायचं, वर इथे बडोद्यातल्या अलकापुरीतला तो एजंट म्हणतो यूके करून देतो, आणि आई म्हणते हे सगळं सोड, सरकारी भरतीचा फॉर्म भर. शेवटी "मावशी मी काय करू" म्हणालीस आणि रडायला लागलीस. तू हुशार आहेस, धीर धर वगैरे मी लिहीत बसणार नाही, ते तुला माहितीये. मी त्या मेसेजमधली एकच गोष्ट पकडलीये, जी तू सगळ्यात हळू आवाजात बोललीस. ओरिजिनल जमा करायचेत.

देऊ नकोस.

तू म्हणशील मावशीने आयसीयू, यूके, पगार सगळं सोडलं आणि कागदांवर अडून बसली. बसलेच आहे. कारण ह्यातला कुठलाही रस्ता पकड, चार पावलं गेलीस की कुणीतरी खिडकीतून हात पुढे करतो आणि म्हणतो ओरिजिनल दाखवा. तेव्हा ते तुझ्या पिशवीत पाहिजेत, कुणाच्या एचआरच्या कपाटात नाही.

आधी जवळचंच घे. तू मामाकडे राहून धुळ्याला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलास, म्हणजे तुझं रजिस्ट्रेशन महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं. बडोद्यात नोकरी करायची तर गुजरात नर्सिंग काउन्सिलमध्ये नाव लागायला हवं, तिकडची एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र, व्हेरिफिकेशन, मग इकडे अहमदाबादला अर्ज. हे झालंय का? मेसेजमध्ये ह्याबद्दल एक अक्षर नाही. हॉस्पिटलवाले म्हणाले असतील "चालेल, जॉईन व्हा, नंतर करू", त्यांना काय, चालतंच. पण चार्टवर सही तुझी, उद्या काही झालं तर विचारणार तुलाच, की बेन तुमचा गुजरातचा नंबर काय. आणि ह्या कामाला लागतं काय? ओरिजिनल. जे तू पहिल्याच दिवशी देऊन बसणार होतीस.

मी हट्टी आहे हे तुझी आई तुला सांगतेच. तर ऐक तो हट्ट कुठून आला. मी पास झाले तेव्हा इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलने मला आयसीयू दिलं होतं. सेम अट. मी नाही म्हटलं आणि इथल्याच वाडी भागातल्या एका छोट्या प्रसूतिगृहात लागले, पगार कमी, रात्रपाळीला एकटी, बाळंतिणीही बघा आणि बाळंही. माझी रूममेट मात्र त्या मोठ्या हॉस्पिटलात गेली. तिने मला तिथलं मेट्रनचं, म्हणजे मुख्य नर्सचं कपाट दाखवलं होतं, लोखंडी, आत खाकी पाकिटं उभी लावलेली, प्रत्येकावर निळ्या शाईत नाव, आणि किल्ली मेट्रनच्या कमरेला. पुढे आम्हा दोघींना सरकारी भरतीचं बोलावणं आलं, सोमवारी गांधीनगरला कागद तपासणी. ती शुक्रवारी पाकीट मागायला गेली तर म्हणे बदली माणूस मिळेपर्यंत नाही. शनिवारी मेट्रन रजेवर. मी सोमवारी पहाटेची गाडी पकडून गेले, ती युनिफॉर्ममध्ये ड्युटीवर.

आता तुला वाटेल मी जिंकले. तुझी आई तुला पुढची गोष्ट सांगेल म्हणून मीच सांगते, ती रूममेट बाँड संपल्यावर मस्कतला गेली, आयसीयूचा अनुभव होता म्हणूनच गेली, आणि आज मांजलपूरला तिचा मोठा फ्लॅट आहे, मी अजून ह्याच जुन्या घरात. आणि मला आयसीयू कधी मिळालंच नाही. २०२० मध्ये कोविडला सगळ्यांना आत ढकललं तेव्हा रिटायरमेंटच्या उंबरठ्यावर मी तुझ्या वयाच्या पोरींकडून व्हेंटिलेटर शिकले. पीप म्हणजे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात ठेवायचा दाब, हाय प्रेशरचा अलार्म वाजला तर आधी पेशंटकडे बघायचं, ट्यूब दबलीये का, सक्शन हवंय का, मशीनवरचं बटण मग. त्या पोरी छान शिकवायच्या, पण माझ्या मनात सारखं यायचं की हे मला पंचविशीत यायला हवं होतं. ती रुखरुख आहे, राहणार. पण तरी सांगते, चूक माझ्या नकाराची नव्हती, अट घालणाऱ्यांची होती. तुझे काका म्हणतात तू स्वतःची समजूत घालतेस. घालते. मग?

म्हणूनच तुला आयसीयू सोड असं मी म्हणत नाहीये, नीट वाच. तुला ते आयसीयू हवंय. तू जीएनएम आहेस, एम्सची नॉरसेट, म्हणजे त्यांची नर्स भरतीची परीक्षा द्यायची तर तुला कमीत कमी ५० बेडच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, बीएस्सीवाल्यांना तो लागत नाही, तुला लागतो. तिथे लागलीस तर पगाराची लेव्हल ७, बेसिकच ४४,९०० पासून. म्हणजे ही दोन वर्षं फुकट नाहीत. पण पगार बँकेतच घे, हातात रोख घेऊ नकोस, पीएफचा नंबर माग, पे स्लिप दर महिन्याला स्वतःला मेल करून ठेव. आणि एक्स्पिरियन्स लेटरवर बेड किती, वॉर्ड कुठला, तारीख कुठपासून कुठपर्यंत हे सगळं लिहून घे. नुसतं "शी इज हार्डवर्किंग अँड सिन्सिअर" लिहिलेलं लेटर भिंतीला लाव.

पगाराचं. १६ हजार म्हणालीस, आणि "फ्रेशरला एवढंच देतात ना" असंही म्हणालीस. कोण म्हणतं? जानेवारी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रायव्हेट नर्सेसच्या पगारासाठी कमिटी नेमायला सांगितलं, आरोग्य मंत्रालयाने नेमली, कमिटीने त्याच वर्षी सांगून टाकलं की २०० च्या वर बेड असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतकाच पगार, १०० च्या वर असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या आतल्या नर्सिंग होमलासुद्धा २० हजाराच्या खाली नाही. तुझं हॉस्पिटल १५० बेडचं. आणि गुजरात सरकारच्या २०२४ च्या भरतीत स्टाफ नर्सला पहिली पाच वर्षं फिक्स पगारच ४०,८०० आहे. कर वजाबाकी. ती शिफारस कुणी पाळत नाही हे मला माहितीये, तू एचआरसमोर जाऊन सुप्रीम कोर्ट काढशील आणि ते ४० हजार देतील असं नाही. पण मान खाली घालून १६ ला हो म्हणणं आणि माहिती असून, आयसीयू शिकायचं म्हणून, घासाघीस करून हो म्हणणं ह्यात फरक आहे. तुला इथून उद्या उठून जाता येतं हे त्यांना माहिती असेल तरच घासाघीस होते. आणि उठून जाता कधी येतं? कागद तुझ्याकडे असतात तेव्हा.

आईचं म्हणणं चूक नाही हां. फॉर्म भर. पण घरी बसून नको, नोकरी करता करता भर, आणि धुळ्याला राहून तुझं गुजराती गंजलंय ते घासून घे.

आता तो एजंट. त्याचा तर मला रागच आलाय. "फाईल ओपन करायला" पैसे आणि पासपोर्ट मागतो? यूकेचा नियम आहे की नोकरी लावून द्यायचे पैसे नर्सकडून घ्यायचेच नाहीत, ते हॉस्पिटल देतं. आपल्याकडे परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटला सरकारचं लायसन्स लागतं, ईमायग्रेटच्या साईटवर यादी आहे, नाव टाकून बघ, आणि लायसन्सवाल्यालाही ३० हजार अधिक जीएसटी ह्याच्या वर घेता येत नाही. पासपोर्ट तर, बाई, तुझाही नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात लिहिलंय, तो भारत सरकारचा. तू कोण देणारी आणि तो कोण ठेवणारा.

यूकेला जायचंच असेल तर एजंटच्या आधी इंग्लिश. आयेल्ट्समध्ये सात, फक्त रायटिंगला साडेसहा चालतं, किंवा ओईटीत, म्हणजे हेल्थवाल्यांच्या इंग्लिश परीक्षेत बी, रायटिंगला सी प्लस. मग सीबीटी, ती नर्सिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर, आणि तिथे गेल्यावर ओस्की, हाताने काम करून दाखवायची. इंग्लिश झालेलं नसताना "फाईल" उघडून काय ठेवणार आत? गल्फला डेटाफ्लो, कागद पडताळणारी कंपनी, ते थेट कॉलेजला, काउन्सिलला, जुन्या हॉस्पिटलला विचारतात, खोटं एक अक्षर चालत नाही. अमेरिकेची नर्सच्या लायसन्सची परीक्षा एनक्लेक्स अहमदाबादलाच देता येते, पण पास झालीस तरी भारतीयांच्या व्हिसाची रांग दहा वर्षांहून जास्त मागे आहे, त्यामुळे तो विचार सध्या कपाटात ठेव. स्वतःच्या कपाटात.

एक नावाचं राहिलं. तुझ्या मार्कशीटवर वडिलांचं नाव मध्ये आहे, पासपोर्टवर नाही, आणि आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, हे मी तुझा फॉर्म भरताना बघितलं होतं. आत्ताच एकसारखं करून घे. आणि पुढेमागे लग्न होईल तेव्हा सासरच्यांना ताटातल्या तांदळात जे नाव लिहायचं ते लिहू दे, हौस असते, पण पासपोर्ट आणि रजिस्ट्रेशनला हात लावू देऊ नकोस. मी लावू दिला नाही, सासूबाई दोन सणांना बोलल्या नाहीत माझ्याशी. मग बोलल्या.

आणि मार्कशीट लॅमिनेट करू नकोस. सगळ्यांचे बाबा प्रेमाने लॅमिनेट करून आणतात, मग अटेस्टेशनला मागच्या बाजूला शिक्का मारता येत नाही. साध्या प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये ठेव. वर्कशॉपची सर्टिफिकेटंही त्यातच, पाच वर्षांनी रजिस्ट्रेशनच्या रिन्यूअलला अशा शिक्षणाचे १५० तास दाखवायला लागतात, तेव्हा शोधत बसशील.

आता एचआरला काय म्हणायचं. भांडू नकोस. म्हण, सर ओरिजिनल घेऊन आलेय, तुम्ही आत्ता माझ्यासमोर पडताळून घ्या, सेल्फ अटेस्टेड कॉपी ठेवा. ते म्हणतील पॉलिसी आहे. म्हण, गुजरात काउन्सिलचं काम चालू आहे, मला लागतील, हे खरंच आहे. ते म्हणतील पावती देतो. पावती म्हणजे दिलेच की. कोरा चेक मागितला तर तोही नाही. बाँडवर सोडून गेल्यास किती रक्कम, नोटीस किती दिवसांची, हे आकड्यात लिहिलेलं असेल आणि तुला झेपणारं असेल तर सही कर, दोन वर्षं राहायला माझी ना नाही. आणि एवढं करून नाही म्हणाले तर उठ आणि ये. बडोद्यात ते एकच आयसीयू नाहीये, गोत्रीपासून वाघोडिया रोडपर्यंत माणसं हवीयेत सगळ्यांना.

नोकरी गेली तर आई माझ्यावर चिडेल, चिडू दे, मी बोलेन तिच्याशी.

एनओसीचा अर्ज मात्र ह्याच आठवड्यात टाक, एचआरचं काय व्हायचं ते होवो. गुजरात काउन्सिलला कुठला कागद लागतो ते अडलं तर फोन कर, फक्त दुपारी दोन ते चार नको, तेव्हा मी झोपते.

मावशी