अदलाबदलीच्या वचनावर दिलेली जमीन: दानपत्रावर सही करावी का?

प्रश्न: १९८९ साली गावच्या रस्त्यासाठी वडिलांनी आमच्या मोरड जमिनीतली १,४०० चौ. मी. जागा सोडली. बदल्यात तेवढीच सरकारी जमीन देऊ, असं एका अधिकाऱ्याने बैठकीत सांगितलं, तसं पत्रही दिलं. रस्ता झाला, जमीन आली नाही. वडील वारले; आई ७६ वर्षांची आहे. आता खात्याने दानपत्राचा मसुदा पाठवलाय. आधी सही करा, अदलाबदलीचं मग बघू, म्हणतात. वकीलबाई, काय करू?
– एक वाचक, पेडणे तालुका

सही करू नका. आईंनाही करू देऊ नका.

जमीन तेव्हाच सरकारची झाली असती, तर आज दानपत्र कशाला लागलं असतं? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११८ प्रमाणे अदलाबदलही विक्रीच्याच रीतीने, म्हणजे नोंदणीकृत दस्ताने, पुरी होते. दस्त झाला नसेल आणि भूसंपादनाचा निवाडाही नसेल, तर रस्त्याखालची जागा आजही तुमच्या घरच्यांची आहे. दान म्हणजे मोबदला न घेता दिलेलं. त्यावर सही केलीत की अदलाबदल ठरली होती हे म्हणण्याची सोयच संपली. खात्यात विनवण्या करत फिरू नका, मालक म्हणून बोला.

आपल्या गोव्यात आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. इथल्या कौटुंबिक कायद्याप्रमाणे पत्नीच्या संमतीशिवाय पतीला एकट्याने स्थावर मालमत्ता देता येत नाही. १९८९ च्या कागदांवर आईंची सही आहे का, ते आधी बघा. वडिलांच्या मागे इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याची कोर्टातली प्रक्रिया) किंवा वारसाचा दस्त झाला नसेल, तर तेही लगेच मार्गी लावा. नाहीतर 'तुम्ही कोण?' इथेच गाडी अडेल.

आजच एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या महसुली नोंदीचा, उतारा काढा. त्यावर सरकारचं नाव चढलेलं दिसलं तरी घाबरू नका. ती नोंद महसुली आहे, तिच्याने मालकी तयार होत नाही. पण ती कुठल्या कागदाच्या आधारे झाली, ते माहितीच्या अधिकारात विचारा. खात्याकडे रस्त्याची मूळ फाईल, मोजणीचा नकाशा, बैठकीचं इतिवृत्त, सगळंच मागा. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. फाईल सापडत नाही असं आलं, तर तेही लेखी घ्या. जमीन कायद्याने घेतली हे दाखवण्याचं काम सरकारचं आहे.

तुमच्या पत्राबद्दल मात्र खोटी आशा दाखवणार नाही. घटनेच्या कलम २९९ प्रमाणे सरकारचा करार राज्यपालांच्या नावे, रीतसर व्हावा लागतो. अधिकाऱ्याचं साधं पत्र म्हणजे करार नव्हे. तरीही ते जिवापाड जपा. वडिलांनी जमीन फुकट सोडली नव्हती, याचा तोच पुरावा आहे.

खरा आधार आहे कलम ३०० अ चा: कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. हिमाचल प्रदेशातल्या विद्या देवींची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी अशीच घेतली गेली होती. त्यांनी तोंडी संमती दिली होती, शिवाय इतकी वर्षं ताबा आमचाच आहे, असं सरकार म्हणालं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन्ही म्हणणी फेटाळली, उशिराचं कारणही मानलं नाही आणि भरपाई द्यायला लावली. मला तुमच्यासाठी हीच वाट बरी वाटते: पर्वरीला उच्च न्यायालयात रिट याचिका, तीत अदलाबदल द्या, नाहीतर आजच्या कायद्याने भरपाई द्या, अशी मागणी. रस्ता उखडून जागा परत मिळेल, असं मनात धरू नका.

अदलाबदलीची जमीन दाखवलीच, तर तिथे स्वतः जाऊन या. तिच्यावर कूळ किंवा मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा) आहे का, प्रादेशिक आराखड्यात ती कुठल्या झोनमध्ये येते, ते तपासा. आणि कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक संस्थेची, जमीन सरकारची नव्हे. ती दाखवत असतील तर तिथेच थांबा. दोन्ही जमिनींचा दस्त एकाच दिवशी, एकाच टेबलावर व्हायला हवा.

मसुद्याला लेखी उत्तर द्या, पोच घ्या. 'दान अमान्य, जमीन अदलाबदलीच्या अटीवर दिली होती, ती अट पाळलेली नाही' एवढं पुरे. यापुढे लेखी नकार आला, तर पाकिटावरचा शिक्का सांभाळून ठेवा: करार पुरा करून मागण्याचा दावा घालायची वेळ आली, तर तीन वर्षांची मुदत सहसा नकार कळल्या दिवसापासून मोजतात. सरकारवर दिवाणी दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीसही लागते, ते दिवस हाताशी ठेवा. आणि आईंच्या नावाने याचिका करणार असाल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.