कोकणातल्या पावसात बागेच्या रस्त्यासाठी स्वस्त आणि टिकाऊ मड टायर कोणते घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: लांज्याजवळ आंब्याची बाग, जुनी फोर बाय फोर पिकअप, २१५/७५ आर १५ चे टायर. पावसात बागेच्या रस्त्यावर गाडी घसरते, कधी रुतते. खिशाला परवडतील आणि चार वर्षं तरी ओढतील असे मड टायर हवेत.

माझं मत विचाराल तर मड टायर घेऊच नका. दणकट बाजूंचे ऑल टेरेन घ्या, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारे टायर. मी संगमेश्वर भागात पिकअप चालवतो, सीझनला पेट्या आणि पावसात खत, त्यामुळे रस्ता तुमच्यासारखाच.

आधी आपला चिखल बघा. देशावरच्या काळ्या मातीत चाक फूटभर खाली जातं आणि चिकटून बसतं. तिथे मड टायरचे मोठाले ठोकळे आणि त्यांच्यामधल्या रुंद खाचा कामाला येतात, कारण चाक जोरात फिरलं की खाचेतला चिखल बाहेर फेकला जातो आणि टायर पुन्हा पकड घेतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वर चार बोटं तांबडी माती आणि खाली जांभा. वरचा थर ओल्या साबणासारखा सटकतो, पण त्याच्याखाली कठीण जमीन असते. तिथपर्यंत पोचायला पसरट टायर नको, अरुंद बरा. आणि धरून ठेवायला पुष्कळ बारीक कडा हव्यात, म्हणजे नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा हव्यात. मड टायरच्या मोठ्या ठोकळ्यावर त्या बारीक चिरा कमी असतात, म्हणून ओल्या कातळावर आणि ओल्या डांबरावर तो चांगल्या ऑल टेरेनपेक्षा लवकर घसरतो. शेवाळ धरलेल्या कातळावर म्हणाल तर कुठलाच टायर धरत नाही, तिथे वाटच बदलायची.

अपवाद आहेत. भातखाचरात गाडी घालावी लागत असेल, खाडीकाठच्या गाळातून जावं लागत असेल किंवा चिरेखाणीच्या ट्रकांनी उखणून टाकलेला रस्ता रोजचाच असेल, तर मड टायरला पर्याय नाही. पण बागायतदाराचं तसं नसतं. जूनमध्ये खत, जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार (मोहोरासाठी झाडाला देतात ते औषध), मग साफसफाई. बागेतला रस्ता दीड-दोन किलोमीटरचा, बाकी सगळं डांबर.

आणि टिकाऊपणाचा सगळा प्रश्न या डांबरावरच येतो. मड टायरचे ठोकळे सुटे सुटे असल्यामुळे डांबरावर ते वाकतात, एका बाजूने जास्त झिजतात, आणि काही महिन्यांत नक्षीवरून हात फिरवला तर करवतीसारखे दात लागतात. मग आवाज सुरू होतो. डिझेलही जास्त लागतं. हिशोब प्रति किलोमीटर करा. समजा ७,००० चा टायर ५०,००० किलोमीटर गेला, तर किलोमीटरला १४ पैसे. ११,००० चा मड टायर ३५,००० वर उतरला, तर ३१ पैसे. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेत, तुमच्या दुकानातले भाव घालून बघा; पण गणित याच बाजूला झुकतं.

आता ज्याकडे कोणी बघत नाही ते: टायरची बाजू. कोकणात नक्षी संपायच्या आधी बाजू फाटते. गडग्याच्या कडेचा जांभ्याचा तुटका कोपरा किंवा मातीत अर्धवट गाडला गेलेला चिरा टायरच्या बाजूला घासतो आणि बोटभर लांब काप पडतो. नक्षीतलं पंक्चर निघतं, बाजूचा काप निघत नाही. पंक्चरवाला आतून पॅच मारून देईलही, पण भरलेली गाडी घेऊन त्यावर आंबा घाट चढायचा म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून घेताना नक्षीआधी बाजूवरची अक्षरं वाचा. मापाच्या मागेपुढे ‘एलटी’ किंवा ‘सी’ (म्हणजे मालवाहू गाडीचा टायर) आहे का, प्लाय रेटिंग (टायर किती दणकट ते सांगणारा आकडा) ६ आहे की ८, ते पाहा. लोड इंडेक्सही बघा: १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००. मूळ टायरवर जो आकडा आहे त्याच्या खाली कधीच जाऊ नका. प्रवासी गाडीचा ऑल टेरेन दिसायला तसाच असतो, पण पिकअपच्या वजनाला तो पुरत नाही.

माप वाढवण्याचा मोह होणार. २१५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर, २३५/७५ आर १५ चा ७३३. म्हणजे गाडी उचलली जाते जेमतेम दीड सेंटिमीटर. बदल्यात स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी साडेबासष्टने पळते, वळताना टायर आत घासू शकतो, आणि टायर रुंद झाला तो वेगळाच. तुमचं मापच ठेवा.

‘मागे दोन मड, पुढे जुने साधे’ ही जोडी आपल्याकडे बऱ्याच पिकअपना दिसते. स्वस्त पडते, पण रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं. ओल्या डांबरावर ब्रेक मारला की तेच आधी सरकतं. शिवाय तुमच्या फोर बाय फोरला मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नसेल, तर पुढच्या-मागच्या टायरांच्या व्यासातला फरक ट्रान्सफर केसला, म्हणजे दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सला, सोसावा लागतो. चारही एकसारखे घ्या, जमलं तर स्टेपनीसकट पाच. दर ८-१० हजार किलोमीटरला पाचांच्या जागा आलटून पालटून घेतल्यात तर सगळे एकदमच झिजतात. घसरणीवर स्वस्त इलाज हवा असेल तर मागच्या एक्सलवर शेणखताची पोती टाका. चिरे टाकू नका, ते घाटात सरकतात.

ब्रँडबद्दल फार बोलत नाही. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके या सगळ्यांकडे ऑल टेरेन आहेत. तुमच्या मापात जास्त प्लायचा ज्याचा मिळेल तो घ्या. बीएफ गुडरिच सुरेख टायर, पण परवडणारा नाही. जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे अनोळखी नावाचा परदेशी मड टायर फारच स्वस्त मिळत असेल तर आयएसआय मार्क आणि तारीख दोन्ही बघा. तारीख म्हणजे बाजूवरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे: २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. मड टायर आपल्याकडे खपतातच कमी, त्यामुळे ते दुकानात पडून राहतात. रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात. दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर परत करा. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, जुन्या एमआरपीवर बिल फाडू देऊ नका.

रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला, ट्रॉलीला ठीक. एप्रिलच्या उन्हात पेट्या भरून घाट चढणाऱ्या गाडीला मी लावणार नाही.

उरलेल्या पैशातून बारा व्होल्टचा हवेचा पंप घ्या. बागेच्या फाट्यावर, गाडी रिकामी असेल तर, हवा वीसेक पीएसआयपर्यंत उतरवा. टायर जास्त करून लांबीच्या दिशेने पसरतो, आणि त्याने किती फरक पडतो ते तुम्हालाच कळेल. डांबराला लागण्याआधी दारावरच्या स्टिकरइतकी हवा परत भरायची. टायर ट्यूबवाले असतील तर हे करू नका, रिमवर टायर फिरून व्हॉल्व्ह उपटतो. माल भरलेला असतानाही नको.

नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर बाद. चिखलाला तो त्याच्या कितीतरी आधी बाद होतो, तेव्हा मे महिन्यातच बघून ठेवा. आणि नवे बसवल्यावर शंभरेक किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घ्या.