मॅनिफोल्ड उतरवण्याआधी
गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग, उतरवायला मित्रांना बोलावलंस ते बरं केलंस, पण पाना एकाच्याच हातात राहू दे. दुसऱ्याने फोटो काढत प्रत्येक व्हॅक्यूम पाइपवर चिकटपट्टी लावून नंबर टाकावा. इंजिन थंड हवं, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची.

खरी काळजी पुढे आहे. मॅनिफोल्ड निघाला की उघड्या पोर्टमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या भोकांत, लगेच स्वच्छ फडकी कोंब. मोजून कोंब, मोजूनच काढ. एक वॉशर आत गेला तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवायची वेळ येऊ शकते. ॲल्युमिनियमवरचं जुनं गॅस्केट (सांध्यातलं सील) प्लास्टिकच्या पट्टीनेच खरवड. फेस, म्हणजे जोडाचा सपाट पृष्ठभाग, वाकडा वाटला तर नाशिकच्या अंबड किंवा सातपूरच्या मशीन शॉपमध्ये तपासून घे, सिलिकॉन थापून फट बुजवू नकोस.

बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) आवळ; जोराचा आकडा तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमधला घे. आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनचा वेग) चढा राहिला किंवा फुसफुस ऐकू आली, तर आधी हवागळती शोध.