बिस्किट जॉइंटर आणि मिनिफिक्स एकाच सांध्यात वापरता येतात का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: 18 मिमी प्लायचं, पुन्हा सुटं करता येईल असं कपाट करायचं आहे. सांधे मिनिफिक्सने, म्हणजे कॅम (फिरवून आवळायची गोल चकती) आणि बोल्टने, आवळायचे आहेत. हाताशी बिस्किट जॉइंटर, म्हणजे फळ्यांत खाचा पाडायचं मशीन, आहे. मग त्या खाचांत बिस्किटं, म्हणजे लाकडाच्या चपट्या चकत्या, घालावीत का, आणि घातली तर गोंद कुठे लावायचा?

घाला, आणि गोंद सांध्याच्या एकाच बाजूला लावा. फक्त कोणाचं काम कोणतं, हे आधी पक्कं करून घ्या. बहुतेक सांधे बिघडतात ते इथेच.

मिनिफिक्स दोन फळ्या एकमेकींकडे ओढतो. त्या वरखाली सरकू नयेत ही जबाबदारी त्याची नाही, कारण बोल्ट बाजूच्या फळीत बसतो आणि आडव्या फळीच्या कडेतल्या 8 मिमीच्या भोकात त्याचा दांडा थोडा सैलच असतो. कॅम फिरवताना फळी अर्धा मिमी सरकली की कोपऱ्यावर बोटाला पायरी लागते. बिस्किट 4 मिमी जाड आणि खाचही 4 मिमीची, त्यामुळे जाडीच्या दिशेने फळी जागची हलत नाही. लांबीच्या दिशेने मात्र बिस्किट मोकळं असतं. 20 नंबरचं बिस्किट साधारण 56 मिमी लांब असतं, आणि 100 मिमीचं पातं 12 मिमी आत गेलं की खाचेचं तोंड सुमारे 65 मिमी होतं. म्हणजे कपाटाची पुढची कड जुळवायला बिस्किटाचा उपयोग नाही. त्यासाठी प्रत्येक सांध्यात पुढच्या बाजूला एक 8 × 30 मिमीचं लाकडी डॉवेल (गोल खुंटी) घ्या. त्याचे 18 मिमी आडव्या फळीच्या कडेत गोंद लावून आणि 12 मिमी बाजूच्या फळीत कोरडे बसवा.

खाचेची ही 65 मिमी लांबी जागा आखतानाही लक्षात ठेवा. खाच आणि बोल्टचं भोक दोन्ही फळीच्या जाडीच्या मध्यावर येतात, म्हणून एकमेकांत घुसू शकतात. दोन्हींच्या मध्यबिंदूंत निदान 60 मिमी अंतर हवं. 560 मिमी खोलीच्या फळीसाठी मी पुढून डॉवेल 25 वर, बोल्ट 60 आणि 500 वर, बिस्किटं 140, 280 आणि 420 वर घेईन.

खाचा आधी पाडा. बाजूच्या फळीवर आडव्या फळीची रेघ मारा, आडवी फळी तिच्यावर सपाट ठेवून कड रेघेला लावा आणि क्लॅम्प करा. आता मशिनचा तळ बाजूच्या फळीवर टेकवून कडेत खाच मारा. नंतर मशीन उभं करून तळ त्या कडेला टेकवा आणि बाजूच्या फळीत खाच मारा. दोन्ही खाचा एकाच पृष्ठापासून मोजल्या जातात, त्यामुळे प्लाय 18 ऐवजी 17.5 निघाला तरी सांधा बिघडत नाही. आडवी फळी उभी केली की तिचं खाली टेकलेलं पृष्ठ रेघेवर येतं आणि फळी रेघेच्या पलीकडे, म्हणजे खाचेच्या बाजूला बसते. रेघ मारताना हे विसरलात तर सगळं 18 मिमी चुकेल.

मग कॅमचं भोक. आडव्या फळीच्या पृष्ठावर 15 मिमीचा फॉर्स्टनर बिट (सपाट तळाचं भोक पाडणारा), कडेपासून मध्यबिंदू 34 मिमी, खोली सुमारे 14 मिमी. 24 मिमी अंतराचे बोल्टही मिळतात, पण तिथे कड फुटायची भीती जास्त, पार्टिकल बोर्डात तर नक्कीच. 16 मिमी बोर्ड असेल तर 12.5 मिमी खोलीचा कॅम घ्या, नाहीतर बिटचं टोक लॅमिनेटमधून बाहेर डोकावेल. डेप्थ स्टॉप (ठरलेल्या खोलीला बिट अडवणारी कडी) लावल्याशिवाय हे भोक मारूच नका. त्यानंतर कडेतून 8 मिमीचं भोक कॅमच्या भोकात निघेपर्यंत सरळ न्या, आणि डॉवेलचं भोकही मारा.

बाजूच्या फळीवरच्या खुणा मोजपट्टीने करू नका. कडेतल्या 8 मिमी भोकांत डॉवेल सेंटर (खूण उमटवायच्या टोकदार गुंड्या) घाला, खाचांत कोरडी बिस्किटं घाला, पुढच्या कडा गुण्याने जुळवा आणि फळी दाबा. टोकं नेमक्या जागी उमटतील. त्या खुणांवर बोल्टसाठी 5 मिमी आणि डॉवेलसाठी 8 मिमीचं भोक मारा. बिस्किटांनी जुळवलेली उंची अशी थेट बोल्टपर्यंत पोचते. या जोडीचा खरा फायदा मला इथेच दिसतो.

आता गोंद. बिस्किटं कडेतल्या खाचेत चिकटवा, बाजूच्या फळीत नाही. बाजूच्या फळीत खाचेमागे साधारण सहा मिमीच लाकूड उरतं. तिथे बिस्किट फुगलं तर बाहेरच्या लॅमिनेटवर उंचवटा दिसू शकतो. 16 मिमी फळीत तर जेमतेम चार मिमी उरतं, तिथे 10 नंबरचं बिस्किट आणि 10 मिमी खोल खाच बरी. पांढऱ्या गोंदात पाणी असतं आणि दाबून केलेलं बीचचं बिस्किट ते शोषून फुगतं. कायमच्या सांध्यात हे हवंच असतं, पण इथे ओल बाहेरच्या अर्ध्या भागापर्यंत गेली की तो दुसऱ्या खाचेत शिरत नाही. म्हणून दोन भागांचा इपॉक्सी वापरा. पांढराच गोंद लावायचा असेल तर खाचेच्या भिंतींवर अगदी थोडा लावा, रात्रभर वाळू द्या आणि घट्ट वाटल्यास बाहेरचा भाग 150 नंबरच्या कागदाने घासा. बिस्किटांचा डबाही घट्ट झाकणाचा हवा.

कॅम ओढत नसेल तर आधी बोल्ट पूर्ण आत गेलाय का ते बघा. दोन आटे बाहेर राहिले तरी त्याचं डोकं कॅमच्या पकडीत नीट येत नाही. कॅमवरचा बाण कडेकडे असताना बोल्ट आत घाला, मग घड्याळाच्या दिशेने साधारण अर्धा फेरा, हातानेच. ड्रिलने फिरवला तर जस्ताचा कॅम तुटतो. वारंवार सुटं करायचं असेल आणि बोर्ड पार्टिकलचा असेल, तर 5 मिमी भोकातले आटे झिजतात. तिथे आधीपासून एम6 आट्यांची बुश (आतून आटे असलेली नळी) बसवून त्याच आट्यांचा बोल्ट घ्या.

लॅमेलो कंपनीच्या पी-सिस्टिमचे, खाचेत सरकवून बसवायचे कनेक्टर (क्लॅमेक्स वगैरे) साध्या जॉइंटरने बसत नाहीत. त्यांची खाच 7 मिमी रुंद आणि तळाशी टी आकाराची असते, ती पाडायला लॅमेलोच्या झेटा पी2 सारखं खास मशीन लागतं.

एवढं करूनही कपाट काटकोनात राहतं ते पाठीच्या फळीमुळे. ती 6 मिमी प्लायची घ्या आणि कर्ण मोजून स्क्रूने बसवा. सुटं करून नेताना कडेतून बाहेर आलेली बिस्किटं आणि डॉवेल पहिल्यांदा तुटतात, म्हणून त्या कडांवर पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळा.